पेन बदललं, ग्रिप बदलली, तरी बोट दुखतंच: दोष नेमका कुठं शोधायचा

तक्रार अशी असते. नवीन पेन घेतलं, रबरी ग्रिपचं, हाताला मऊ. पहिले आठ-दहा दिवस मजेत गेले. मग पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या पानावर मधल्या बोटाच्या नखाजवळ ठणका, अंगठ्याच्या बुडाशी ओढ, आणि तासाभरानं पेन खाली ठेवलं की बोटं सरळ व्हायलाच तयार नाहीत. मग त्याहून मऊ ग्रिपचं पेन. पुन्हा आठ-दहा दिवस.

माझ्या भाचीची अशी सात पेनं झाली. ती नाशिकला गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत बसते, राज्यसेवेची तयारी करते. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि इतकी वर्षं गोल काळे करणाऱ्या मुलांवर एकदम तीन-तीन तास लिहायची वेळ आली. तेही नऊ पेपर. अभ्यासिकेत आता चालू घडामोडींइतकीच चर्चा पेनांची चालते म्हणे.

मी अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे. मोल्ड म्हणजे साचे बनवतो, त्यात हत्यारांच्या मुठींचे बरेच. नाशिकला हे काम नवं नाही. पाना-पक्कड म्हटलं की देशभर जिचं नाव निघतं ती टपारिया आमच्या सातपूरचीच. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ किती जाड असावी, बोट कुठं अडावं, रबर कुठं चढवावं यावर आम्ही दिवसचे दिवस डोकं खाजवतो. पेनाचा विचार मात्र कधी केला नव्हता. भाचीनं सातवं पेन माझ्यापुढे टाकून "मामा, तू मुठी बनवतोस ना, मग याचं काहीतरी कर" म्हटलं, तेव्हा जाडी मोजायचा व्हर्नियर काढला.

आधी एक गोष्ट बाजूला काढू, कारण तिच्यात ग्रिपचा काही संबंध नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येत असतील, रात्री त्यानं जाग येत असेल, तर तो मनगटातल्या नसेवरचा दाब असू शकतो. बाकी सगळी कामं नीट होतात, पण पेन हातात घेतलं की बोटं आपोआप वळतात, आखडतात, अक्षर हाताबाहेर जातं, असं असेल तर ते आणखी वेगळं. त्याला रायटर्स क्रॅम्प म्हणतात आणि त्याचं मूळ हातात नसून मेंदूकडून येणाऱ्या हुकमात असतं. अंगठ्याच्या बाजूचं मनगट हात लावला तरी दुखत असेल तर तिथल्या स्नायूच्या दोरीला (टेंडनला) सूज असू शकते. या तिन्हींत डॉक्टर गाठा, स्टेशनरीचं दुकान नको. पुढचं सगळं ज्यांचं बोट, अंगठा आणि हात लिहून लिहून दुखतो आणि दोन दिवस सुट्टी दिली की बरा होतो, त्यांच्यासाठी.

आता त्या सात पेनांकडे. मी ती ओळीनं टेबलावर मांडली. जाडी निरनिराळी, ८ मिमीपासून साडेअकरापर्यंत. रबर निरनिराळं. एक गोष्ट मात्र सातांपैकी सहांत सारखी होती: सगळी टोकाकडे निमुळती. म्हणजे ज्या जागी बोटं धरतात तीच जागा उताराची.

इथं माझ्या धंद्यातलं सांगतो. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ बघा. पात्याकडच्या बाजूला तिला कॉलर असते, फुगवटा असतो. तुम्ही खाली दाबता तेव्हा बोटं पात्याकडे घसरायला बघतात, आणि ती कॉलर त्यांना अडवते. कॉलर काढून टाकली तर घसरण थांबवायला एकच उपाय उरतो, मूठ आवळून धरणं. पेनाचंही हेच आहे. कागदावर दाब दिला की बोटं टोकाकडे घसरतात. पेन निमुळतं असेल तर आणखी लवकर. घसरू नये म्हणून बोटांचा चिमटा आवळला जातो. तरीही ती मिलिमीटर-मिलिमीटरनं खाली जातात, पान संपेपर्यंत नखं जवळजवळ टोकाला टेकलेली असतात, आणि तिथं पेन सगळ्यात बारीक असतं. बारीक पेनावर तोच जोर कमी कातडीवर येतो. घट्टा पडतो तो तिथं.

मऊ ग्रिपनं काय होतं? कातडीला टोचत नाही. चिमटा तेवढाच राहतो, कधी वाढतोही, कारण स्पंजसारखं रबर बोटाखाली दबतं आणि हाताला पेन पक्कं धरल्यासारखं वाटतच नाही. आठ-दहा दिवस आराम पडतो तो कातडीला. स्नायू पहिल्या दिवसापासून तेवढंच काम करत असतात, त्यांची तक्रार उशिरा येते इतकंच. परत परत येणाऱ्या दुखण्याचं हे निम्मं उत्तर झालं.

उरलेलं निम्मं रिफिलमध्ये आहे, आणि ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर दिसतं.

घरात पीठ-साखर मोजायचा डिजिटल काटा असेल तर घ्या. त्यावर एक छोटं पॅड ठेवा, काटा शून्यावर आणा. काट्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची पुस्तकं रचा आणि हात पुस्तकांवर टेकवा. पॅडला फक्त पेनाचं टोक लागलं पाहिजे, नाहीतर हाताचंच वजन मोजलं जाईल (पहिल्यांदा माझं तेच झालं, आकडा बघून मी घाबरलो). काटे जरा मंद असतात, सुटी अक्षरं काढली तर आकडा नाचत राहतो. म्हणून पेन न उचलता 'ळळळळळ' अशी साखळी काढत जा. ळ याच्यासाठी झकास अक्षर आहे, सगळीकडची वळणं त्यात येतात.

भाचीच्या नेहमीच्या बॉलपेननं आकडा २५०-३०० ग्रॅमच्या आसपास खेळत होता. तिच्याच हातात जेल पेन दिलं तर दीडशेच्या आत. माझ्याकडचं जुनं शाईपेन दिलं तर शंभरही नाही. हे आकडे एका काट्याचे, एका हाताचे, तुमचे वेगळे येतील. प्रमाण मात्र बघा. हात तोच, माणूस तोच, आणि टोकावरचा दाब निम्म्यावर.

कारण साधं आहे. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते. टोकाची गोळी कागदाला घासून फिरली तरच ती शाई बाहेर आणते, आणि गोळी फिरवायला दाब लागतो. जेलची शाई पाण्यातली. ती नुसती असताना घट्ट असते आणि गोळी फिरू लागली की पातळ होते, म्हणून कमी दाबात निघते. शाईपेनमध्ये तर दाबायचं काही नाहीच. निबेच्या चिरेतून शाई केशाकर्षणानं उतरते, पेनाचं स्वतःचं वजनही पुरतं. टोकावर जितका दाब, तितकी बोटं खाली ढकलली जातात, आणि तितका चिमटा आवळावा लागतो. म्हणून ग्रिपवर पैसे घालवण्याआधी रिफिल बघा. माझ्या मते या तक्रारींपैकी बऱ्याच रिफिलशीच मिटतील.

काटा नसेल तर त्याहून सोपं: वहीचं लिहिलेलं पान उलटा आणि मागून बोट फिरवा. अक्षरं ब्रेलसारखी हाताला लागत असतील, खालच्या दोन-तीन कोऱ्या पानांवरही ठसा उमटला असेल, तर तुम्ही लिहीत नाही, कोरताय.

रिफिलमध्ये काय तपासायचं ते पटकन सांगतो. गोळी अडखळते का, म्हणजे ओळीत मध्येच पांढरी फट पडते का. पडत असेल तर हात नकळत दाब वाढवतो आणि तो पुढच्या चांगल्या पेनावरही तसाच राहतो, सवयीनं. ०.५ ऐवजी ०.७ चं टोक घेऊन बघा. बारीक टोक कागदात रुतल्यासारखं चालतं. एकच सुटा कागद कडक टेबलावर ठेवून लिहू नका, खाली पाच-सहा पानांची गादी असू द्या. बॉलपेन फार आडवं धरलं तर गोळीऐवजी भोवतीची कड घासते, ते जरा उभं लागतं. शाईपेनाचं उलट, ते आडवं चालतं. जेलवर जायचं तर ज्या कागदावर परीक्षा आहे तसल्या कागदावर लिहून बघा, हलक्या कागदात शाई फुटते. आणि परीक्षेच्या सूचनांत कोणतं पेन, कोणती शाई चालते ते आधी वाचा, मग पाकीटभर पेनं घ्या.

थंडीचा मुद्दा इथं घालतो, कारण नाशिककरांना तो लागू आहे. भाचीचं म्हणणं होतं की डिसेंबर-जानेवारीत त्रास दुप्पट होतो, ग्रिप थंडीनं कडक होते. ग्रिप होतही असेल. पण सकाळी सहाला पारा दहाच्या खाली असताना बॉलपेनची तेलकट शाई आणखी घट्ट होते, आणि गारठलेल्या बोटांना पेन नीट जाणवत नाही म्हणून ती जास्त आवळतात. दोन्हीकडून मार. तिला मी ग्रिप बदलू दिली नाही. रिफिल दोन मिनिटं तळहातात चोळायची, अभ्यासिकेत पोचल्यावर पहिली दहा मिनिटं लिहायचं नाही, नुसतं वाचायचं, एवढंच सांगितलं. चहा पिऊन कप हातात धरून बसणं हाही उपायच, आणि तो तिला लगेच पटला.

आता मुठीकडे. रिफिल सुधारली, दाब उतरला, तरी उतारावरून घसरणं राहतंच. त्याला कॉलर द्यायची.

प्लंबिंगच्या सामानाच्या दुकानात ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल कडी, मिळते. काही दुकानदार तिलाही वायसरच म्हणतात, त्यामुळे सोबत पेन घेऊन जा आणि तिथंच घालून बघा. आतलं भोक साधारण ८ मिमी आणि जाडी २ मिमी असली की नऊएक मिमीच्या पेनावर घट्ट बसते. टोकापासून अडीच-तीन सेंटिमीटर वर सरकवा आणि तर्जनी तिला टेकू द्या. बस्स. मूठ जाड झाली नाही, मऊ झाली नाही, फक्त घसरायचा रस्ता बंद झाला. भाचीनं आपल्याच एका पेनानं, रिंग घालून, सलग दोन उत्तरं लिहिली आणि मग म्हणाली, "मामा, हे कसलं डोकं? दोन रुपयांत?" दोन नाही, पाच लागले होते, पण बोललो नाही. रिंग नाही मिळाली तर रबरबँडचे सहा-सात वेढे एकाच जागी घाला. दिसायला भिकार, काम तेच. चांगल्या शाईपेनांच्या पकडीच्या जागी खाली हलकीशी कड असते, ती याचसाठी. लोक तिला शोभेची समजतात.

जाडी वाढवायचीच असेल तर किती? बारीक पेनाला चिमटा जास्त लागतो हे खरं, पण जाड केलं की बरं असं सरसकट नाही. पायलट कंपनीचं डॉक्टर ग्रिप पेन १९९१ साली आलं, ते १३.८ मिमी जाड, आणि ज्यांना मानेखांद्यापर्यंत ताण जातो अशा लोकांना डोळ्यापुढे ठेवून केलेलं. मोठ्या हाताला ते छान वाटतं. भाचीच्या हातात ते खडूसारखं दिसलं. अक्षराची बारीक वळणं बोटांऐवजी मनगटातून यायला लागली आणि वेग पडला. तिच्यासाठी १०-११ मिमीला येऊन आम्ही थांबलो. तुमचा आकडा तुमच्या हातावर.

जाडी वाढवायला बॅडमिंटनच्या रॅकेटवर गुंडाळतात ती पातळ ओव्हरग्रिप सगळ्यात बरी. पट्टी साधारण ०.६ मिमी जाड असते. सेंटिमीटरभर रुंदीची कापा, अर्धी-अर्धी एकमेकीवर चढवत गुंडाळा, म्हणजे प्रत्येक जागी दोन थर बसतात आणि व्यास २.४ मिमीनं वाढतो. ८ चं साडेदहाच्या जवळ जातं. घामही टिपते. वायरिंगची श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, हीही चालते असं मला वाटलं होतं. रिफिल आधी काढून ठेवायची अक्कल होती, पण हीट गननं स्लीव्ह आवळण्याआधी पेनाचं प्लास्टिकच मऊ झालं आणि पेन केळ्यासारखं वाकलं. धातूच्या पेनावर करा, प्लास्टिकवर नको.

तीन बाजूंच्या ग्रिपबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. १९८० चं लामी सफारी हे शाईपेन बघा, पकडीच्या जागी दोन सपाट पैलू, अंगठा इथं आणि तर्जनी इथं, असं जणू लिहूनच ठेवलंय. पेन उत्तम आहे. पण ते तुम्हाला एकाच पद्धतीनं धरायला लावतं. पोरांना शिकवताना ते ठीक. मोठ्या माणसाची पकड बसलेली असते. अंगठा-तर्जनी-मधलं बोट अशी तिबोटी पकड शाळेत 'बरोबर' म्हणून शिकवली जाते, पण अनामिकेचाही आधार घेणारी चौबोटी पकड, अंगठा तर्जनीवरून पलीकडे टाकणाऱ्या पकडी, याही लिहायला तितक्याच चालतात असं हातांचा अभ्यास करणारेही मानतात. भाचीची पकड चौबोटी. तिच्या तिसऱ्या पेनाची तिरकी धार नेमकी अनामिकेत घुसत होती, आणि ती बिचारी महिनाभर आपलीच पकड चुकीची समजून बदलायला बघत होती. परीक्षेच्या तोंडावर पकड बदलणं म्हणजे रंगपंचमीच्या दिवशी घराला रंग देणं. गोल ग्रिप घ्या, हाताला तिची जागा सापडते.

एक वेगळीच तक्रार यात मिसळते. ग्रिप चिकट होणं. पहिल्या वर्षी मखमली, दुसऱ्या वर्षी गुळासारखी. रबर मऊ ठेवायला घातलेलं तेलकट द्रव्य पृष्ठभागावर येतं, किंवा वर दिलेला मऊ थर दमट हवेनं सुटायला लागतो. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत पेन राहिलं तर हे लवकर होतं. अशा ग्रिपवर लोक पावडर लावतात. नका लावू, तासाभरात ती घामात मिसळून साबणासारखी होते आणि मग घसरू नये म्हणून पुन्हा आवळणं आलं. साध्या मळाला फडक्यावर थोडं सॅनिटायझर पुरतं. थरच सुटला असेल तर तो पूर्ण खरवडून काढा, खालचं कडक प्लास्टिक आणि वर ओव्हरग्रिप, झालं.

टोपणाबद्दल एवढंच, की लिहिताना मागे लावू नका. वजन मागे जातं, पेन मागे झुकतं आणि ते सावरायला अंगठा राबतो. भाचीला हे मान्य नाही, तिची टोपणं हरवतात.

टेबलाचंही पटकन. अभ्यासिकेतलं टेबल छातीशी आलं की खांदा उचलला जातो, आणि मग सगळा हात ताठ. खाली उशी घेऊन कोपर टेबलाच्या पातळीला आणा. जुन्या पेढ्यांवर दिवाणजी जमिनीवर बसून उतरत्या डेस्कावर लिहायचे, बोरूनं, दिवसभर. बोरूही बोटाएवढा जाड आणि शाई आपोआप उतरणारा. त्यांना कोणी अर्गोनॉमिक्स शिकवलं नव्हतं, पण मनगट सरळ राहायचं आणि टोकाला दाब लागायचा नाही. एखादी जाड फाईल कलती करून तिच्यावर लिहून बघा.

आणि बदल एकेक करा. रिफिल बदलली की चार दिवस थांबा. मग रिंग. मग जाडी. सगळं एकदम केलं तर कशानं गुण आला ते कळत नाही, आणि तीन महिन्यांनी दुखणं परतलं की पुन्हा दुकानात उभे. भाचीची आत्ताची अवस्था अशी: ०.७ चं जेल, पाच रुपयांची रिंग, दोन थर ओव्हरग्रिप. तीन तासांचा सराव पेपर होतो. शेवटच्या अर्ध्या तासात हात दमतो, पण तो दमणं आणि ठणकणं यातला फरक तिला आता कळतो. घट्टा आहे अजून, मऊ झालाय.

तिच्या शेजारी एक मुलगा बसतो, डावखुरा. त्याचं गणित मला अजून सुटलेलं नाही. मराठी डावीकडून उजवीकडे, त्यामुळे आपण पेन ओढतो तिथं तो ढकलतो, आणि ढकलताना टोक कागदात रुततं. दाब कमी व्हावा म्हणून जेल दिलं तर त्याचाच हात ओल्या शाईवरून फिरतो आणि अख्खी ओळ पुसली जाते. बॉलपेन दिलं की पुसत नाही, पण काटा पुन्हा अडीचशेवर. कागद उजवीकडे बराच कलता करून हात ओळीच्या खाली ठेवायला सांगितलं, त्यानं पुसणं कमी झालं, ठणका तसाच. रिंगची जागा बदलून बघतोय, त्याची तर्जनी फार वर टेकते. कोणी डावखुरं वाचत असेल आणि तीन तास न ठणकता लिहीत असेल, तर पेन कुठलं यापेक्षा रिफिल कुठली आणि बोट टोकापासून किती सेंटिमीटरवर, एवढं मोजून सांगा.